यकृतातील मेदाची पाठवणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी अंबाजोगाई येथे झालेले व्याख्यान. बोलताना फळ्यावर काढलेल्या आकृत्या येथे देता आल्या नाहीत. त्या ठिकाणी चार वाक्ये वाढविली आहेत.)



वर्धापनदिनी चार शब्द बोला, असे कार्यवाहबाईंनी मला सांगितले आणि विषय तुम्हीच ठरवा, असेही म्हणाल्या. तेहेतीस वर्षे मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाईच्या हाती विषयाची निवड देणे धोक्याचे असते, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे. मी यकृत हा विषय निवडला. 'लिव्हर' म्हटले की चटकन कळते. पण पोटातल्या या अवयवाला यकृत असे आपले चांगले नाव आहे, तेव्हा मी तेच वापरणार आहे.

विषय निवडण्याचे कारण माझ्या घरातले आहे. ते आधी सांगते, म्हणजे पुढचे शास्त्र कोरडे वाटणार नाही. ज्यांच्याविषयी सांगणार आहे, त्यांची संमती घेतली आहे.

माझी धाकटी जाऊ गावी असते. अंगाने काटक, उन्हातान्हात शेतावर राबणारी. लग्नात नेसलेल्या शालूचे पोलके तिला आजही होते, असे आम्ही थट्टेने म्हणतो. चार वर्षांपूर्वी पोटात दुखते म्हणून तिने तालुक्याच्या गावी सोनोग्राफी केली. पोटदुखीचे कारण निराळेच निघाले. पण अहवालात खाली एक ओळ होती : यकृतात मेद, श्रेणी पहिली. तपासणाऱ्यांनी मान वर न करता 'तेलकट बंद' एवढे लिहून दिले. घरी येताना तिने तो कागद कपाटात साड्यांच्या तळाशी ठेवला आणि कुणाला म्हणून सांगितले नाही. मलाही नाही. यकृत बिघडते ते दारुड्याचे, अशी आपल्याकडे पक्की समजूत. त्या वर्षी तिच्या मुलीचे स्थळ पाहणे चालू होते. मुलीच्या आईला 'लिव्हरचा आजार' आहे, ही गोष्ट पाहुण्यांच्या कानी गेली तर लोक काय म्हणतील, या भीतीने ती गप्प राहिली.

गप्प राहून तिने काय केले ते ऐका. तेल सोडले, तूप सोडले, दूध सोडले. शेंगदाण्याला तेल असते म्हणून शेंगदाण्याची चटणी सोडली. फोडणीशिवाय वरण गोड लागेना म्हणून वरणही जवळजवळ सुटले. राहिले काय? भाकरी, पातळ कालवण आणि दिवसातून पाचसहा वेळा चांगला गोड चहा, त्याबरोबर बिस्किटे. आठवड्यातून दोन उपवास. त्यांना बिनशेंगदाण्याचा साबुदाणा किंवा भगर. 'चहात काही तेल नसते, आक्का,' असे ती मला पुढे म्हणाली. दीड वर्षाने पुन्हा तपासले तेव्हा वजन होते तेवढेच, यकृतातला मेद श्रेणी दुसरी, आणि रक्तात साखर.

इतके पथ्य करूनही यकृत भरत गेले, ते का? या एका प्रश्नासाठी मी गेली दोन वर्षे वाचते आहे. जे कळले ते तुमच्यापुढे ठेवते.

यकृत आपल्या उजव्या बरगड्यांखाली असते. प्रौढ माणसाच्या यकृताचे वजन सव्वा ते दीड किलो भरते. त्याची कामे पुष्कळ आहेत; मी त्यांतले एकच घेते. यकृत मेदाची साठवण करण्याकरिता नाही. मेद यायचा, बांधला जायचा आणि पुढे रवाना व्हायचा, अशी ही जागा आहे. आपल्या मराठवाड्यातल्या बायांना हे सांगायला सोपे जाते, कारण मोंढा सगळ्यांनी पाहिला आहे. मोंढ्यात माल येतो, त्याचा ढीग पडतो, हमाल तो बारदानात भरतात, तोंड शिवतात, गाडी लागते आणि माल जातो. ढीग रात्रभर राहिला तर बिघडत नाही. रोज येणारा माल जाणाऱ्यापेक्षा जास्त झाला, किंवा बारदानच संपले, तर मात्र मोंढ्यात पाय ठेवायला जागा राहात नाही. तुरीच्या खरेदीच्या दिवसांत बारदान नाही म्हणून काटे थांबलेले आपण पाहिलेच आहेत.

आता यकृतात मेद येतो कोठून? येथेच पहिला धक्का बसतो. आपण समजतो, खाल्लेले तूप थेट तेथे जाऊन बसते. २००५ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. यकृतात मेद साठलेल्या थोड्या रुग्णांना खुणेचे अणू देऊन, मेदाचा कण कोणत्या वाटेने आला हे शोधण्यात आले. शेकडा ५९ भाग मेद शरीराच्या स्वतःच्या चरबीतून सुटून रक्तावाटे आलेला निघाला. शेकडा २६ भाग यकृतानेच नव्याने, म्हणजे साखर व पिष्टमय पदार्थांपासून तयार केलेला होता. जेवणातल्या तेलातुपाचा वाटा होता अवघा शेकडा १५. अभ्यास लहान, माणसे परदेशी. आपल्याकडे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण यकृत साखरेचा मेद करते, ही गोष्ट इकडेतिकडे होणार नाही. माझ्या जावेच्या सहा कप चहात तेल नव्हते हे खरे. तेल आत तयार होत होते. आपण चहात घालतो ती साखर निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज असते, आणि या दुसऱ्या साखरेचा बहुतेक निकाल यकृतातच लागतो.

मेद असा जमला की त्याला बाहेर कसे पाठवायचे? रक्त हे पाण्याचे. मेद पाण्यात विरघळत नाही. आमटीवर तवंग तरंगतो तसा तो रक्तात तरंगू लागला तर बारीक नळ्या बंद पडतील. म्हणून प्रत्येक थेंबाला वेष्टन घालावे लागते. असे वेष्टनात बांधलेले मेदाचे गाठोडे म्हणजे शास्त्रज्ञांचे लिपोप्रोटीन. आपण मेदप्रथिन म्हणू. आत मेद आणि थोडे कोलेस्टेरॉल, बाहेर लेसिथिन नावाच्या द्रव्याचा पातळ थर, आणि सगळ्याला आवळून धरणारे प्रथिनाचे एक लांब दोर. या दोराचे नाव अपो-बी.

या दोरापाशी मी थोडी थांबणार आहे, कारण मला स्वतःला याचे फार नवल वाटले. प्रथिने ही अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ असते. इन्शुलिनची माळ ५१ मण्यांची. अपो-बीच्या माळेत ४५३६ मणी असतात. शरीरातल्या फार मोठ्या प्रथिनांपैकी हे एक आहे. यकृताच्या पेशीत पडद्यांचे एक घड्याघड्यांचे जाळे असते. त्याच्या अंगावर चिकटलेली सूक्ष्म यंत्रे ही माळ ओवतात, आणि ओवता ओवता तिचे टोक जाळ्याच्या आतल्या बाजूस सरकवतात. माळ पूर्ण होईपर्यंत वाट पाहिली जात नाही. टोक आत आले की तेथे एक हमाल उभाच असतो. एम्. टी. पी. हे त्याचे आडनाव समजा. तो जाळ्याच्या पडद्यातला मेद उचलतो आणि माळेच्या घडीत ठेवतो. मेद मिळत गेला की माळ त्याच्याभोवती नीट वळते, आणखी मेद घेते, अशी प्रथम एक लहान गाठोडी तयार होते. मग त्याच लहान गाठोडीत पुष्कळ मेद एकदम भरला जातो आणि ती फुगते. एका गाठोडीला एकच अपो-बी. ती तिला जन्मभर सोडत नाही.

आणि मेद वेळेवर मिळाला नाही तर? तर ती अर्धवट ओवलेली माळ पेशी तशीच टाकून देत नाही. तिच्यावर नाशाची खूण लागते, ती बाहेर ओढली जाते आणि तिचे तुकडे होऊन मणी पुन्हा कामाला लागतात. दळण वाया गेले तर कोंडा गुराला घालणाऱ्या आपल्या सासवा आठवतात! यात एक मर्म आहे. कारखाने बहुधा मागणीप्रमाणे माल कमीजास्त तयार करतात. यकृत अपो-बीचे ओवणे फारसे कमीजास्त करीत नाही. ओवलेल्यातले किती ठेवायचे आणि किती मोडायचे, यावर ते पुष्कळसे हिशेब सांभाळते. मेद भरपूर असेल तर मोडणे कमी, गाठोडी जास्त. जेवणानंतर रक्तात इन्शुलिन वाढते तेव्हा मोडणे जास्त. कारण त्या वेळी आतड्याकडून येणारा मेद रक्तात आधीच असतो, यकृताने त्यात भर घालण्याचे कारण नसते. आतड्याची स्वतःची निराळी गाठोडी असतात बरे का, आणि ती अपो-बीचीच आखूड माळ वापरतात. त्यांच्यामुळे जेवल्यावर काही तास रक्तद्रव दुधाळ दिसतो. मेदाच्या तपासणीला उपाशीपोटी बोलावतात ते याकरिता.

भरलेली गाठोडी पुढे गॉल्जी नावाच्या विभागात जाते. तेथे तिच्यावर शेवटचा हात फिरतो. प्रथिनाला साखरेच्या लहान शाखा जोडल्या जातात. मग ती एका सूक्ष्म पिशवीत बसून पेशीच्या कडेला, रक्ताच्या बाजूला येते; पिशवीचे तोंड पेशीच्या कातडीशी जुळते, उघडते आणि गाठोडी बाहेर पडते. या सगळ्याचा आकार किती? एका केसाच्या रुंदीत अशी हजाराहून अधिक गाठोडी ओळीने मावतील.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगते. स्नायूंच्या व चरबीच्या केशवाहिन्यांपाशी एक द्रव्य गाठोडीतला मेद काढून घेते. माल उतरला की उरलेली लहान, कोलेस्टेरॉलने भरलेली गाठोडी म्हणजे डॉक्टर ज्याला एल्. डी. एल्. किंवा 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतात ते. दोनतीन दिवस हिंडून तिच्यातला बराचसा भाग यकृतातच परत जातो. परत घेण्याची ही दारे ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोघांनी शोधून काढली आणि १९८५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दारे कमी पडली की ही रिकामी गाठोडी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरतात. हृदयविकाराची ती कथा निराळ्या व्याख्यानाची आहे.

तुम्ही म्हणाल, हे आत चालते ते कुणी पाहिले? पाहिले ते बहुधा बिघाडावरून. १९५० साली अमेरिकेत बॅसेन आणि कॉर्नझ्वाइग या डॉक्टरांनी एक फार दुर्मिळ विकार वर्णन केला. पुढे कळले की अशा रोग्यांच्या रक्तात अपो-बीची गाठोडी नसतातच. दोर तर शरीर ओवू शकते, मग अडते कोठे? उत्तर १९९२ साली मिळाले : हमाल गैरहजर. एम्. टी. पी. हेच त्यांच्यात नव्हते. म्हणजे दोर आहे, माल आहे, पण भरणारा नाही. २०१२ साली याच्या उलट प्रयोग औषध म्हणून मान्य झाला. ज्यांच्या रक्तात जन्मतःच भयंकर कोलेस्टेरॉल असते अशांना, हा हमाल मुद्दाम अडवून धरणारे औषध अमेरिकेत देऊ लागले. रक्तातले आकडे उतरले. पण अपेक्षेप्रमाणे मेद यकृतात साठू लागला. मोंढ्याची गाडी थांबविली तर ढीग कोठे राहणार?

बारदानाची गोष्ट याहून जुनी आणि मला अधिक प्रिय आहे. १९२१ साली कॅनडातील टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन शोधले, हे आपण शाळेत शिकलो. पुढे स्वादुपिंड काढलेली कुत्री इन्शुलिनवर जगविण्यात आली. साखर ताब्यात, तरी काही महिन्यांनी ती आजारी पडत. यकृत चरबीने भरून पिवळे झालेले असे. कच्चे स्वादुपिंड खाऊ घातले की बरी होत. पुढे कळले की लेसिथिन दिले तरी बरी होतात. लेसिथिन हे नाव ग्रीक भाषेतल्या अंड्याच्या बलकाच्या शब्दावरून आले आहे. १९३२ साली बेस्ट आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की लेसिथिनमधला खरा गुणकारी अंश कोलीन हा आहे. गाठोडीवरचा पातळ थर लेसिथिनचा असतो हे मघाशी सांगितले. कोलीन नाही तर लेसिथिन अपुरे, लेसिथिन अपुरे तर बारदान अपुरे, आणि मेद यकृतात पडून.

दोर प्रथिनाचा, तेव्हा प्रथिनाच्या उपासमारीतही असेच होणार. येथे मला १९७२ चा दुष्काळ आठवतो. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी हे आमचे जेवण. कामावर आईबापांबरोबर आलेली काही मुले अशी होती की हातपाय काडीसारखे, पण पावले सुजलेली, पोट पुढे आलेले. 'खाऊन सुस्तावलंय,' असे म्हणणारी माणसेही मी पाहिली. त्या मुलांना कोणता रोग होता हे मी आज सांगू शकत नाही. पण अशाच मुलांचे वर्णन १९३३ साली आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट येथे काम करणाऱ्या सिसिली विल्यम्स या डॉक्टरीणबाईंनी जगापुढे मांडले होते. दुसरे मूल झाले की अंगावरचे दूध तुटलेल्या पहिल्या मुलाला जडणारा आजार, अशा अर्थाचा तिथल्या बायांचा शब्द त्यांनी जसाच्या तसा घेतला : क्वाशिओरकोर. या मुलांचे यकृत मेदाने भरलेले असते. पिठावर जगणारे, प्रथिनाला मुकलेले मूल, आणि यकृत चरबीचे! पिठापासून मेद तयार होतो, पण त्याला बांधून पाठविणारी सामग्री पुरत नाही, हे त्याचे एक मोठे कारण मानतात.

आता आपणा बायकांचे. २००७ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथे ५७ निरोगी माणसांना काही आठवडे फार कमी कोलीनचे जेवण देऊन पाहिले. पुरुषांत शेकडा ७७ जणांच्या यकृतात मेद साठला किंवा स्नायूंना इजा झाल्याची खूण दिसली. पाळी गेलेल्या बायकांत शेकडा ८० जणींना. पाळी चालू असलेल्या बायकांत मात्र शेकडा ४४ जणींनाच. कोलीन पुन्हा दिल्यावर ते बरे झाले. स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन हे द्रव्य यकृताला स्वतःचे थोडे कोलीन तयार करावयास मदत करते. पाळी गेली की ती मदत आटते. पाळी गेल्यावर यकृतातला मेद वाढण्याची इतरही कारणे आहेत, त्यातले हे एक.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. कारण आपल्या जिल्ह्यात वयाच्या तिशीत पाळी गेलेल्या बाया किती आहेत हे मला ठाऊक आहे. ऊसतोडणीला जाणाऱ्या भगिनींची गर्भाशये काढली जातात, हा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी आपल्या जिल्ह्यात ब्याऐंशी हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि तेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. ज्या शस्त्रक्रियेत अंडाशयेही जातात, तीत इस्ट्रोजेनचा झरा एका दिवसात बंद होतो. या बायांच्या पाठदुखीविषयी आणि हाडांविषयी आपण बोलतो; त्यांच्या यकृताविषयी मी तरी कधी कुणाला बोलताना ऐकले नाही. दिवस उगवण्याआधी फडात जायचे, न्याहारी म्हणजे गोड चहा नि भाकरी, डाळ कधीमधी. ऊस त्या तोडतात आणि साखर त्यांच्या चहात परत येते.

परंतु एक गोष्ट न सांगता पुढे गेले तर मी तुमची दिशाभूल केल्यासारखे होईल. आज घरोघरी जो मेद यकृतात दिसतो, त्यात बारदानाच्या तुटवड्यापेक्षा आवक वाढल्याचा भाग मोठा आहे. शरीर इन्शुलिनचे म्हणणे ऐकेनासे होते. मग चरबीच्या पेशी आपला मेद रक्तात सोडीत राहतात, यकृत साखरेचा मेद करीत राहते, आणि गाठोडी मोडण्याचा जो इन्शुलिनचा लगाम होता तोही सैल पडतो. यकृत जास्तीत जास्त गाठोडी बाहेर लोटते, रक्तात ट्रायग्लिसराईड वाढते, तरी ढीग हटत नाही. दिवसरात्र गाड्या चालू आणि मोंढा तुडुंबच.

आणि हे जाड माणसालाच होते असे मुळीच नाही. पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. यडकिन हे दोघे मित्र. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचाही आकडा अगदी एक, २२.३. अंगातल्या चरबीचे प्रमाण मोजले तर यडकिनांचे शेकडा ९.१ आणि याज्ञिकांचे शेकडा २१.२! दोघांचे एकत्र छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात छापले गेले. हा फरक येतो कोठून? डॉ. याज्ञिकांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांची पाहणी सुरू केली. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, इंग्लंडातल्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे सगळ्या बाजूंनी लहान. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. मात्र चरबी त्या मानाने राखलेली. म्हणजे काटकुळेपणातला हा मेद आईच्या पोटापासून चालत आला आहे. पश्चिम बंगालच्या खेड्यांतील पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तेथे शेकडा सुमारे ९ माणसांच्या यकृतात, दारूचा संबंध नसताना, मेद होता, आणि त्यांतल्या पाऊण लोकांना जाड म्हणता आले नसते. माझी जाऊ या पाऊण हिश्शातली.

'माझे कोलेस्टेरॉल चांगले आले आहे,' असे एक मैत्रीण मघाशी म्हणाली. फार चांगले. पण तेवढ्यावरून यकृत मोकळे आहे असे समजू नका. २०१४ साली एका आनुवंशिक दोषाचा शोध लागला. ज्यांच्यात तो असतो त्यांचे यकृत गाठोडी कमी पाठवते. रक्त स्वच्छ दिसते, हृदयाला धोकाही कमी, आणि यकृत मात्र भरत जाते. रक्ताचा अहवाल रस्त्यावरच्या गाड्या मोजतो. मोंढ्यातला ढीग पाहण्याची तपासणी निराळी आहे.

धोका किती, असा प्रश्न येईल. बहुतेकांचे यकृत थोड्या मेदाने निकामी होत नाही. काहींच्या यकृताला मात्र सूज येते, मग वण पडतात, आणि वणांनी ते कडक होते. मधुमेह असेल तर ही शक्यता वाढते. म्हणून ज्यांना साखर आहे त्यांनी यकृताच्या कडकपणाची तपासणी हवी का, हे डॉक्टरांना तोंडाने विचारावे. आपल्या केंद्र शासनाने २०२१ साली हा विकार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आहे. २०२३ साली तज्ज्ञांनी विकाराचे इंग्रजी नावही बदलले; 'दारूचा नव्हे' अशी ओळख सांगणारे जुने नाव रोग्याला लाज आणते, हेही त्यामागचे एक कारण होते. साड्यांच्या तळाशी कागद ठेवणारी बाई जगात एकटी नव्हती, असे म्हणायचे. २०२४ साली अमेरिकेत या विकारासाठी पहिल्या औषधाला परवानगी मिळाली. ते पुढच्या पायरीवरच्या रोग्यांसाठी आहे. रस्त्यावर मिळणारी 'लिव्हरची टॉनिके' मात्र तुमचा बटवा हलका करतील, यकृत नव्हे.

स्वयंपाकघरात काय करावे? आवक कमी करावी : आधी चहातली साखर, बिस्किटे, बाटलीतले गोड पेय, मग पोळी-भाताचा ढीग. ज्यांचे वजन जास्त आहे त्यांनी ते हळूहळू शेकडा सातदहा भागांनी उतरवले तर यकृतातला मेद बराच उतरतो. भराभर चालण्याने वजन न उतरताही फायदा होतो, कारण स्नायू मेद जाळू लागतात. आणि बारदान पुरवावे : वरण, उसळ, दूध-दही, शेंगदाणे, खात असाल तर अंडे. सोयाबीन आपल्या शेतात पिकते, मोंढ्यात जाते, कारखान्यात त्यातले लेसिथिन निघते आणि ते चॉकलेट-बिस्किटांत पडते. आपल्या घरात मात्र ते क्वचितच शिजते. कोलीनच्या गोळ्या घ्या असे मी सांगत नाही. तेल? करडईचे किंवा शेंगदाण्याचे, मोजून. भाकरीवर चमचाभर तूप घेतल्याने यकृत बुडत नाही. त्याच ताटात चार चमचे साखर असू नये.

उपवासाविषयी बोलताना मी जपून बोलते. आपल्या योगेश्वरीच्या गावात आश्विनातले नवरात्र आहे आणि मार्गशीर्षातलेही आहे. उपवास सोडा असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण साबुदाणा हा निव्वळ पिष्टाचा गोळा आहे. त्याच्याबरोबर शेंगदाणे घ्या, दही घ्या, नाहीतर उपवास खरोखरच उपाशी करा. देवीचे त्यात काही बिघडणार नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नका.

माझ्या जावेला हे सगळे कळायला वेळ लागला, कारण मलाच कळायला वेळ लागला. पुढे एका डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास बसून तिला समजावले आणि तिच्या मनावरचे अर्धे ओझे तिथेच उतरले. आता ती दिवसाला दोन कप चहा घेते, बिनसाखरेचा. तोंड वाकडे करते पण घेते. ताटात वरण परत आले. मुलीचे लग्न झाले, आणि पाहुण्यांच्या घरी विहीणबाईंच्या अहवालातही हीच ओळ निघाली! त्या दोघी आता एकमेकींना फोनवर आपापले आकडे सांगतात. जावेची साखर ताब्यात आहे. मागच्या दिवाळीनंतरच्या सोनोग्राफीत दुसऱ्या श्रेणीची पहिली झाली. पूर्ण स्वच्छ अजून नाही. पुढची तपासणी चैत्रात आहे. या खेपेस मी बरोबर जाणार आहे, आणि कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवायचा, असे तिने मला सांगितले आहे.

 प्रश्न असतील त्यांनी थांबावे, मी आहे.